व्यापारी संघटनेचे कर्णधार : शेठ वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव उच्चारताच जहाज, विमान आणि मोटार ही तीन वाहने डोळ्यांसमोर उभी राहतात. भारतीय भांडवलाची मोठी जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी आणि कुर्ल्याचा मोटार कारखाना या उद्योगांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. वालचंदनगर व रावळगाव ही तर त्यांच्या कर्तृत्वाची महाराष्ट्रातील जिवंत स्मारके होत. मात्र या उद्योगपर्वाच्या झगमगाटात शेठजींच्या जीवनाची एक बाजू काहीशी झाकली गेली आहे. ती बाजू म्हणजे व्यापारी संघटनेचे नेतृत्व. विखुरलेल्या व्यापाऱ्यांना एका व्यासपीठावर आणावे, त्यांचे म्हणणे आकडेवारीनिशी सरकारपुढे मांडावे आणि त्यासाठी कायमची संस्था उभी करावी, हे काम शेठजींनी आयुष्याच्या ऐन उमेदीत अनेक वर्षे केले. आज बाजारपेठेत दुकान थाटून बसलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला जवळची वाटावी अशी ही कथा आहे.

सोलापूरची पेढी

काठेवाडातील वांकानेर येथून महाराष्ट्रात आलेल्या दिगंबर जैन कुटुंबात, सोलापूर येथे, दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद यांचा जन्म झाला. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घराण्याचा पिढीजात व्यवसाय. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपले. वडील हिराचंद नेमचंद हे केवळ पेढीवर बसणारे व्यापारी नव्हते. समाजात विद्येचा प्रसार व्हावा या तळमळीने त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले. जैन समाजाच्या आरंभीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते. आपल्या माणसांना एकत्र आणायचे तर त्यांच्यापर्यंत पोहोचणारे साधन हवे, हा धडा वालचंद यांना असा घरातच मिळाला असला पाहिजे.

सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. पण पदवीपर्यंत न पोहोचता त्यांनी व्यवसायात प्रवेश केला. पेढीवरच्या रुळलेल्या कामात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी–तडवळे या छोट्या मार्गाचे कंत्राट मिळविले. सावकारी करणाऱ्या जैन घराण्यातील तरुणाने माती-खडीच्या कामात उतरावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. भांडवल एकाचे, कामाची माहिती दुसऱ्याची आणि मेहनत दोघांची, अशी ही भागीदारी होती. पुढे बांधकाम व्यवसायाचा व्याप वाढत गेला आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

भाड्याचे युद्ध

शेठजींना संघटनेचे महत्त्व पटविले ते जहाज व्यवसायाने. पहिले महायुद्ध संपल्यावर, दि. २७ मार्च १९१९ रोजी, शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास या सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट दि. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. याच दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

त्या काळी किनाऱ्यावरील मालवाहतूक प्रामुख्याने ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात होती. त्यांची व्यापाऱ्याला बांधून ठेवण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्याचा काही भाग परत देण्याचे वचन कंपनी देत असे; पण ती रक्कम लगेच न देता काही महिने स्वतःकडे ठेवीत असे. त्या अवधीत व्यापाऱ्याने दुसऱ्या कंपनीच्या बोटीतून माल पाठविला तर ती सारी रक्कम बुडे. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा व्यापाऱ्याच्या पायातील बेडी होई. जो व्यापारी एकटा, त्याला ही बेडी तोडणे अशक्यच होते.

दुसरे हत्यार भाडे पाडण्याचे. नवी कंपनी बाजारात आली की बलाढ्य कंपनीने भाडे इतके खाली आणावे की नवागताला खर्चही भरून निघू नये. तो मोडून पडला की भाडे पुन्हा वर. दक्षिणेत व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली काढलेली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी अशाच स्पर्धेत व सरकारी छळात बुडाली होती. सिंदियालाही याच अग्निदिव्यातून जावे लागले. कंपनी टिकली, परंतु १९२३ साली ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करून आपल्या वाढीवर तिला मर्यादा स्वीकाराव्या लागल्या.

या अनुभवातून एक गोष्ट शेठजींना स्पष्ट दिसली असावी. प्रतिस्पर्धी कंपनीमागे तिचे भांडवल होते, त्याशिवाय तिच्या देशबांधवांची वाणिज्य मंडळे होती आणि त्या मंडळांचे ऐकणारे सरकारही होते. भारतीय व्यापाऱ्यामागे काय होते? फार तर त्याची पेढी व त्याची पत. हे अंतर एकट्याच्या हिमतीने भरून निघणारे नव्हते.

शहर, प्रांत आणि देश

मुंबईतील युरोपीय व्यापाऱ्यांनी बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १८३६ सालीच केली होती. बंदराचे नियम, रेल्वेचे दर, जकात अशा प्रत्येक विषयात या संस्थेचे मत सरकार विचारात घेत असे. भारतीय व्यापाऱ्यांनी आपली इंडियन मर्चंट्स चेंबर ही संस्था काढली ती १९०७ साली, म्हणजे तब्बल ७१ वर्षांनंतर. मधल्या काळात व्यापार करणारे भारतीय थोडे नव्हते. कापड, धान्य, कापूस, सराफी अशा एकेका धंद्याचे महाजन होते, पंच होते, बाजारातील तंटे बाजारातच मिटविण्याची जुनी परंपरा होती. परंतु हे महाजन आपापल्या धंद्यापुरते पाहत. सगळ्या व्यापाराला लागू होणारा कायदा आला की कोणी बोलायचे, हा प्रश्न उरत असे.

या दृष्टीने १९२७ हे वर्ष शेठजींच्या जीवनात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ते इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी घनश्यामदास बिर्ला व सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या प्रयत्नांतून भारतीय वाणिज्य व उद्योग मंडळांचा अखिल भारतीय महासंघ, म्हणजेच ‘फिक्की’, जन्मास आला. शहर, प्रांत व देश अशा तीन पायऱ्यांवरील व्यापारी संघटनेची रचना त्या वर्षी पूर्ण झाली. त्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांवर शेठजी त्याच वर्षी अध्यक्षपदी होते आणि पाच वर्षांनी तिसरीच्याही अध्यक्षपदी पोहोचले.

पंधरा रुपये की तेरा रुपये?

संघटनेने कोणत्या प्रश्नावर बोलावे, याचा उत्तम नमुना म्हणून त्या वर्षीच्या हुंडणावळीच्या वादाकडे पाहता येईल. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असावा की १ शिलिंग ६ पेन्स, असा हा वाद होता. वरवर पाहता दोन पेन्सांचा फरक. सामान्य दुकानदाराला त्याचे काय, असे वाटावे. परंतु हिशोब मांडून पाहिला की त्याचे गांभीर्य कळते.

एका पौंडाचे २४० पेन्स. रुपयाचा भाव १६ पेन्स धरला तर एका पौंडाचे १५ रुपये होतात. भाव १८ पेन्स धरला तर त्याच पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होतात. सोलापूर, बार्शी किंवा खानदेशातील कापूस परदेशी एका पौंडाला विकला गेला, तर पहिल्या भावाने देशात १५ रुपये येत आणि दुसऱ्या भावाने सुमारे पावणेदोन रुपये कमी. ही घट अखेरीस शेतकऱ्याच्या पदरी पडणार आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की गावच्या बाजारातील कापडाचे, किराण्याचे व भांड्यांचे दुकान ओस पडणार. उलट परदेशी माल मात्र तितकाच स्वस्त होऊन येथील मालाशी स्पर्धा करणार.

भारतीय व्यापारी संघटनांनी १६ पेन्सांचा आग्रह धरला. सरकारने १८ पेन्सांचा भाव कायम केला आणि मध्यवर्ती विधिमंडळात त्यासंबंधीचे विधेयक अगदी थोड्या मतांच्या फरकाने संमत झाले. लढाई हरली; परंतु चलनासारख्या क्लिष्ट विषयावर भारतीय व्यापारी एकमुखाने व अभ्यासाने बोलू शकतात, हे देशाने पाहिले. गाऱ्हाणे सांगणे वेगळे आणि हिशोबाने पटविणे वेगळे. संघटनेचे सामर्थ्य दुसऱ्या प्रकारात असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

महाराष्ट्र चेंबरची स्थापना

मुंबईची चेंबर असताना महाराष्ट्र चेंबरची वेगळी गरज का भासली? मुंबई शहराचा व्यापार बंदराभोवती फिरणारा होता. आयात, निर्यात, जहाजभाडे, कापूस बाजार हे तिचे विषय. सोलापूर, सातारा, नगर, नाशिक, जळगाव, कोकण येथील व्यापाऱ्याच्या अडचणी निराळ्या होत्या. रेल्वेचे डबे वेळेवर मिळत नाहीत, नगरपालिकेची जकात जाचक आहे, आडत्याचे हिशोब थकले आहेत, कर्ज देणारी बँक जवळ नाही, अशा त्या अडचणी. तालुक्याच्या गावचा व्यापारी आपले म्हणणे मुंबईपर्यंत पोहोचवू शकत नव्हता. शेठजी स्वतः सोलापूरचे. त्यांची पहिली कामे जिल्ह्यांतली. त्यामुळे ही उणीव त्यांना मुंबईकर शेटसावकारांपेक्षा अधिक जाणवली असल्यास नवल नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. १९२७ साली महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. मुंबई इलाख्यात गुजरात, कर्नाटकाचा काही भाग व सिंधही समाविष्ट होते, तर विदर्भ मध्य प्रांतात आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राज्याची स्थापना व्हायला अजून ३३ वर्षे होती. अशा वेळी मराठी मुलखाच्या नावाने व्यापारी संस्था काढणे, आणि तीही मूळ काठेवाडच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या गृहस्थाने, ही दूरदृष्टीची बाब होती. ज्या भूमीत पेढी, त्या भूमीशी नाते, ही भावना त्यामागे दिसते. शेठजी सुमारे अकरा वर्षे, १९३८ पर्यंत, या संस्थेचे अध्यक्ष होते. १९३४ साली पुण्यात मराठा चेंबरही निघाली आणि मराठी मुलखातील व्यापारी संघटनेची मुळे अधिक खोल गेली. महाराष्ट्र चेंबर आज व्यापार, उद्योग व कृषी या तिन्ही क्षेत्रांची राज्यव्यापी शिखर संस्था म्हणून कार्यरत आहे.

अखिल भारतीय नेतृत्व

१९२९ साली नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर सिंदिया कंपनीचे अध्यक्षपद शेठजींकडे आले. १९३२-३३ मध्ये ते ‘फिक्की’चे अध्यक्ष झाले. हा काळ कसोटीचा होता. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते; सविनय कायदेभंगाच्या चळवळीवर सरकारी दडपशाही चालू होती. १९३२ च्या ओटावा परिषदेत साम्राज्यातील मालाला जकातीत सवलत देण्याचे करार झाले. या सवलतीने भारतीय व्यापाराचे हित साधत नाही, अशी भूमिका महासंघाने घेतली. सरकारशी रोजचे काम पडणाऱ्या व्यापाऱ्याने सरकारला विरोध करणे सोपे नसते. परवाना, कर्ज, कंत्राट, सारे काही त्याच्या हाती असते. शेठजींची तर बांधकामाची कंत्राटेही सरकारी होती. तरीही व्यासपीठावर त्यांनी आपली वाणी मवाळ केली नाही.

किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव असावी, ही मागणी त्यांनी अखेरपर्यंत लावून धरली. साराभाई नेमचंद हाजी यांनी या आशयाचे विधेयक १९२८ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते. ते कायद्यात रूपांतरित होऊ शकले नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र १९५० च्या सुमारास राष्ट्रीय सरकारने हेच धोरण स्वीकारले. एका मागणीला फळ येण्यास बावीस वर्षे लागली. संघटनेच्या कामात उतावीळपणा चालत नाही, ही शिकवण त्यात आहे.

एका आक्षेपाचा विचार

शेठजींवर त्यांच्या हयातीत एक आक्षेप घेतला जाई आणि इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. किनारी वाहतूक राखीव करा असे ते म्हणत, तेव्हा विरोधक विचारीत, यात देशाचे हित किती आणि सिंदिया कंपनीचे किती? ब्रिटिश कंपन्या कमी भाड्यात माल नेत असतील तर व्यापाऱ्याचा व ग्राहकाचा लाभच नाही का?

प्रश्न रास्त होता. संघटनेच्या अध्यक्षाचा स्वतःचा धंदा आणि संघटनेची मागणी एकाच दिशेने जात असली की शंका येणारच. याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. पहिले असे की, भाडेयुद्धातील स्वस्ताई कायमची नसे. प्रतिस्पर्धी बुडेपर्यंतच तिचे आयुष्य असे आणि नंतर तीच कंपनी मनमानी दर लावण्यास मोकळी होई. आजचा दोन आण्यांचा लाभ उद्याच्या रुपयाच्या तोट्याची नांदी ठरू शकतो, हे व्यापाऱ्याला उमगणे गरजेचे होते. दुसरे असे की, मागणी एकाची असली तरी तिला मान्यता अनेकांच्या ठरावाने मिळत असे. चेंबरमध्ये धान्यवाले, कापडवाले, कापूसवाले, सराफ असे भिन्न हितसंबंधांचे सभासद होते. त्यांच्यासमोर म्हणणे मांडून, हरकती ऐकून, मगच ठराव होई. अध्यक्षाच्या स्वार्थावरचा खरा अंकुश सभासदांची जागरूकता हाच असतो. सभासद केवळ वर्गणी भरून घरी बसले तर संघटना दोन-चार बड्या मंडळींची होते, हा धोका तेव्हा होता आणि आजही आहे.

उत्तरायुष्य

१९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. दि. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमच्या जहाजगोदीचा पायाभरणी समारंभ झाला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. दि. १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे जहाज गोदीतून पाण्यात उतरले. पुढच्याच वर्षी शेठजींना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. दि. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

विमान कारखाना सरकारच्या ताब्यात गेला, गोदीही गेली, मोटार कारखान्याचे वैभव काळाच्या ओघात ओसरले. मात्र त्यांनी स्थापन केलेली महाराष्ट्र चेंबर शंभरीच्या उंबरठ्यावर उभी आहे. ज्या संस्थेत नफा नव्हता, तीही टिकली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुकानदाराच्या दारात आलेले कायदे

शेठजींच्या काळातील संघटना मुख्यत्वे मोठ्या व्यापाऱ्यांच्या होत्या. किरकोळ दुकानदाराला संघटनेची निकड भासू लागली ती कायदे थेट त्याच्या दुकानात शिरू लागल्यावर. १९३९ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी व नोकरांचे कामाचे तास ठरविले. १९४६ साली मुंबई प्रांतात विक्रीकर आला आणि रोजमेळ-खतावणी ठेवणाऱ्या दुकानदाराला सरकारी नमुन्यात हिशोब देण्याची सवय करावी लागली. १९५७ मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, पाठोपाठ शेर-मणाच्या जागी किलो आले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यावर बंदी घातली. सराफ पेढ्या व सोनार कारागीर यांच्यावर तर आभाळच कोसळले. १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो रद्द होण्यास १९९० साल उजाडावे लागले.

या प्रत्येक प्रसंगी व्यापारी संघटनेने दोन कामे केली. सरकारकडे व्यापाऱ्याची अडचण नेली आणि व्यापाऱ्याकडे कायद्याचा अर्थ नेला. मोर्चा, बंद यांचा बोलबाला होतो. दुसऱ्या कामाची वार्ता होत नाही. परंतु परिपत्रक वाचून त्याचा सोप्या भाषेत खुलासा करणारा, नमुना कसा भरावा हे शिकविणारा, मुदतवाढ मागून आणणारा संघटनेचा सचिव हा दुकानदाराचा खरा आधार असतो.

नव्या शतकात हा वेग वाढला. दि. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला. २०१० पासून टप्प्याटप्प्याने महापालिका क्षेत्रांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१३ मध्ये त्याविरुद्ध राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून आंदोलन केले. फेडरेशन ऑफ असोसिएशन्स ऑफ महाराष्ट्र या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. दि. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना या करातून मुक्ती मिळाली. दि. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. आरंभी २० लाख रुपये असलेली नोंदणीची मर्यादा मालाच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून ४० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. छोट्या व्यापाऱ्यांच्या अडचणी सातत्याने मांडल्या गेल्या नसत्या तर असे बदल सहजासहजी झाले नसते.

आणि भाडेयुद्ध? तेही नव्या रूपात परत आले आहे. संगणकावरून व भ्रमणध्वनीवरून माल विकणाऱ्या बलाढ्य कंपन्या खरेदीभावाच्याही खाली विकतात, अशी दुकानदारांची तक्रार आहे. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अशा दोन मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. आरोप खरे की खोटे, याचा निवाडा कायद्याने होईल. परंतु एकट्या दुकानदाराच्या अर्जाने अशी चौकशी सुरू होणे कठीण होते. तेथे संघटनाच उभी राहावी लागली.

सालवड–बोईसर परिसरासाठी

मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावरील बोईसर व लगतचे सालवड हा परिसर एके काळी शेती-बागायतीचा. १९६९ साली तारापूर अणुवीज केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली, औद्योगिक वसाहत वाढली, देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले आणि त्यांच्यामागोमाग बाजारपेठ आली. किराणा, कापड, भांडी, सराफी, औषधे, हार्डवेअर अशी दुकाने थाटून अनेक जैन कुटुंबे येथे स्थिरावली. दि. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर सरकारी कचेऱ्याही जवळ आल्या. म्हणजे गाऱ्हाणे घेऊन जाण्याचे अंतर कमी झाले. आता ते नीट मांडणारी माणसे हवीत.

या परिसराचा व्यापार कारखान्यांच्या पगारावर चालतो. कारखान्याची पाळी बंद पडली की महिन्याभरात उधारीची वही जाड होते. अशा वेळी एका दुकानदाराने दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाव पाडावा, की सर्वांनी मिळून उधारीची मर्यादा, मालाची सामाईक खरेदी, अडचणीतील व्यापाऱ्याला हात अशा गोष्टींचा विचार करावा? धर्मकार्यासाठी एका हाकेसरशी एकत्र येणारा समाज धंद्याच्या प्रश्नावर मात्र अनेकदा एकेकटा राहतो. आणि संघटना केवळ आपल्याच समाजापुरती ठेवूनही भागत नाही. बाजारात जैन, गुजराती, मराठी, मुसलमान, सिंधी, उत्तर भारतीय असे सारेच दुकानदार आहेत. कायदा सर्वांना सारखाच लागू होतो. शेठजींनी आपली चेंबर जातीच्या नावाने न काढता महाराष्ट्राच्या नावाने काढली, यातला बोध येथे लक्षात घ्यावा.

शेठजींची विमाने व जहाजे उभारणे प्रत्येकाला शक्य नाही. सभेला वेळेवर जाणे, ठराव वाचून मत देणे, हिशोब मांडून बोलणे आणि पद मिळाल्यास आपल्या दुकानाबरोबर शेजारच्या दुकानाचाही विचार करणे मात्र कोणत्याही व्यापाऱ्याला शक्य आहे. सालवड–बोईसरच्या तरुण व्यापाऱ्यांनी त्यांच्या चरित्राचा हा भाग अवश्य अभ्यासावा.